आधी माझं काय चुकलं ते सांगा

सत्तावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला विमान शिकवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते आमच्या मास्तरांना विचारा. जमिनीवर असताना विमान पायांनी वळतं. समोर अर्धवट स्टिअरिंगसारखं एक चाक असतं खरं, पण ते हवेतल्या कामाचं. जमिनीवर कितीही फिरवलंत तरी विमानाला त्याचं सोयरसुतक नसतं. हे माझ्या डोक्याला कळत होतं, पण हातांना कोण समजावणार? वळण आलं की माझे दोन्ही हात चाक गरगरा फिरवायचे आणि विमान सरळ गवतात जायचं. तीन वेळा गेलं. चौथ्या वेळी मास्तर शांतपणे म्हणाले, "हात मांडीखाली घ्या आणि त्यांच्यावर बसा." एक्कावन्न वर्षांचा बाप्या मी, स्वतःच्या हातांवर बसून सकाळभर विमान पायांनी इकडून तिकडे नेत होतो. हँगरच्या दारात उभी राहून मंडळी मजा बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दुपारपर्यंत पाय शिकले.

मास्तर म्हणजे आमच्या फ्लाइंग क्लबचे शिक्षक. सदुसष्ट वर्षांचे, सडपातळ, बुटांना रोज पॉलिश, आणि आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. माझं डोकं भडकायला सिग्नलचा लाल दिवा पुरतो, त्यामुळे असा माणूस मला आधी माणूसच वाटेना. ते माझ्याच बसने क्लबला यायचे. माझा शेवटचा थांबा क्लबच्या फाटकासमोर, तिथे बस सात मिनिटं उभी राहायची. एक दिवस उतरताना ते म्हणाले, "तुम्ही ब्रेक लावता ते कळतच नाही. विमान शिकायला या." मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, आधी मोरीतला नळ दुरुस्त करा, मग आकाशाकडे बघू. नळ मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे तिला कळलं.

क्लब म्हणजे काही फार मोठा डामडौल नव्हता. एक पत्र्याचं हँगर, एक धावपट्टी, काचेच्या खोलीत रेडिओ, आणि दोन विमानं. एकीला सगळे थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. थोरली जड, पण सोशिक. धाकटी हलकी आणि तोऱ्यात राहणारी; जरा वारा आला की नाक मुरडायची. रविवारी सगळ्यांनी मिळून दोघींना धुवायचं, हा नियम. दातांचे डॉक्टर पंखांवर साबण लावायचे, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई काचा पुसायच्या, आणि चाकं माझ्याकडे. धुताना जगातल्या सगळ्या विषयांवर भांडणं व्हायची आणि चहा येईपर्यंत मिटायची. मला त्या वयात नवे मित्र मिळतील असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं. बसमध्ये दिवसाला हजार माणसं भेटायची, पण सगळी पाठीमागे.

ह्या क्लबात मास्तरांची एक पद्धत होती. विमान उतरलं की हँगरबाहेरच्या बाकावर दोघांनी बसायचं, आणि आधी शिष्याने बोलायचं. मास्तर विचारायचे, "आधी माझं काय चुकलं ते सांगा." मग ते आमच्या चुका सांगणार. तरुणपणी म्हणे त्यांच्या गुरूने पेट्रोलचा नळ चुकीच्या बाजूला फिरवला होता. ह्यांनी बघितलं, पण मोठ्या माणसाला कसं सांगायचं म्हणून तोंड उघडलं नाही, आणि दोघंही विमानासकट कुणाच्या तरी शेतात उतरले. तेव्हापासून हा प्रश्न. आम्ही सगळे एकच उत्तर द्यायचो, "काही नाही, मास्तर." ते मान हलवायचे, आणि मग आमच्या चुका बोटांवर मोजायला घ्यायचे. माझ्या वेळी त्यांना दुसऱ्याही हाताची बोटं लागायची.

शिकायला लागून चार महिने झाले असतील. धावपट्टीच्या तोंडाशी आम्ही धाकटी घेऊन उभे होतो. रेडिओच्या खोलीतल्या बाईंनी सांगितलं, थांबा, दुसरं विमान उतरतंय. रेडिओच्या खोलीत आधी एक जाड आवाजाचे गृहस्थ होते. ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी ह्या बाई आल्या. कामाला चोख, आवाज मात्र सुईसारखा बारीक. त्यांनी थांबा म्हटलं आणि मास्तर मला म्हणाले, चला, घ्या पुढे. मी ब्रेक दाबून धरला. मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. नंतर तसंच आणखी दोनदा झालं. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हेडफोनवर गेलं. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

माझा जाड आवाज त्यांना नीट ऐकू यायचा. बाईंचा येत नव्हता. दर वर्षी त्यांची डॉक्टरी तपासणी व्हायची, पण ती बंद खोलीत, हातभर अंतरावर बसलेल्या भारदस्त आवाजाच्या डॉक्टरांपुढे. त्यात ते सहज पास व्हायचे. मग मी एक युक्ती काढली. रेडिओवर जे येईल ते लगेच मोठ्याने म्हणून दाखवायचं: "थांबायला सांगताहेत, मास्तर." "वारा डावीकडून आहे म्हणताहेत." मास्तर खूश झाले. म्हणाले, ही सवय फार चांगली आहे, सोडू नका. मला मेली लाजच वाटली.

एका रविवारी थोरलीचं चाक घासता घासता मी दातांच्या डॉक्टरांना सहज म्हटलं, मास्तरांबरोबर असताना मी सगळं मोठ्याने म्हणून दाखवतो. डॉक्टरांचा साबणाचा हात पंखावर तसाच थांबला. म्हणाले, मीही. काच पुसणाऱ्या भूगोलाच्या बाई वळल्या. त्यांचाही आवाज बारीक. त्या म्हणाल्या, मी तर दीड वर्ष ओरडतेच आहे, मास्तरांना वाटतं माझा स्वभावच तसा आहे. थोड्या वेळात कळलं की क्लबातला झाडून एकेक जण हेच करत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच माहीत आहे. एकीकडे हसू येत होतं, एकीकडे रडू. सांगितलं तर त्यांचं विमान जाणार, आणि विमान गेलं तर ह्या माणसाकडे उरलं काय? शेवटी सगळ्यांचं ठरलं, आपण आहोत ना, सांभाळून घेऊ. मीही मान हलवली. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी फार शहाणा ठरलो.

त्यानंतर चार महिन्यांनी, म्हणजे मला कळल्यापासून आठव्या महिन्यात, एका सकाळी आम्ही धाकटी उतरवत होतो. वारा आडवा, ऊन थेट डोळ्यांवर. धाकटी अशी काही थयथयाट करायला लागली की माझ्या नाकी नऊ आले. मास्तर म्हणाले, "माझ्याकडे द्या." मी हात सोडले. तेवढ्यात रेडिओवर बाई म्हणाल्या, वर जा, पट्टीवर विमान आहे. मी घामाघूम झालेलो, जीभ टाळूला चिकटलेली, शब्द फुटेना. शेजारी मास्तर धाकटीला शांतपणे खाली नेत होते, एखादा माणूस जिना उतरतो तसे. बाई पुन्हा म्हणाल्या, वर जा. माझ्या तोंडातून काही आलं नाही. हात मात्र गेला. मी इंजिनाचा दांडा पूर्ण पुढे ढकलला.

धाकटी गर्जली. मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कधीच बघितलं नव्हतं. पण त्यांच्या हाताला सवय होती. विमान वर घेतलं. आणि मग उन्हाच्या झळाळीतून आम्हाला दोघांनाही खाली थोरली दिसली. टायर बसला होता म्हणून पट्टीच्या मधोमध उभी होती, आणि तिच्याजवळ दातांचे डॉक्टर दोन्ही हात वर करून नाचत होते.

उतरल्यावर आम्ही बाकावर बसलो. मास्तरांनी रुमालाने चष्मा पुसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मग स्वतःच म्हणाले, ऊन होतं डोळ्यांवर, नाही का? बघा, पळवाट त्यांनीच मला काढून दिली. हो म्हटलं असतं तर संपलं होतं. पुढच्या रविवारी विमानं धुतली असती, चहा प्यायला असता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र डॉक्टरांचे ते दोन हात होते.

मी म्हणालो, "उन्हाचं नाही, मास्तर. बाई दोनदा म्हणाल्या, वर जा. तुम्हाला ऐकू येत नाही."

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"मला आठ महिने माहीत आहे. बाकीच्यांना त्याआधीपासून."

"म्हणजे सगळ्यांना."

मी मान खाली घातली.

"मला शंका होती हो," ते म्हणाले. "ह्या दोन वर्षांत मी तो प्रश्न पद्धत म्हणून विचारत नव्हतो. खरंच विचारत होतो. तुम्ही सगळे म्हणायचात, काही नाही. मला वाटलं, म्हातारपणाचा भ्रम आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

चारचौघांत कुणी कानाखाली वाजवली असती तरी एवढं लागलं नसतं. आमचं ते सांभाळून घेणं त्यांना कुठे घेऊन आलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मास्तर उठले, आत गेले, फळ्यावर त्या आठवड्याच्या उड्डाणांपुढे खडूने लिहिलेलं आपलं नाव त्यांनी बाहीने पुसलं, आणि माझ्याच बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. त्या दिवशी माझी सुट्टी होती. बस दुसरा कोणी चालवत होता, हे माझं नशीब.

पुढचे दोन महिने मी कुणाला तोंड दाखवू नये असे गेले. डॉक्टर माझ्याशी बोलेनात, आणि त्यांचाच जीव वाचला होता! कुणीतरी म्हणालं, बसवाल्याने मास्तरांना अर्ध्या रस्त्यात उतरवलं. मोठी तपासणी झाली, मास्तरांचा शिकवण्याचा परवाना गेला. कानाला यंत्र लावलंय म्हणे, एवढी बातमी आली. क्लबकडे ते फिरकले नाहीत. आठवड्यातून दोनदा शेजारच्या क्लबातून एक शिक्षक येऊ लागले. चांगले होते, पण उतरल्यावर पहिलं वाक्य माझ्या चुकांचंच असायचं. मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मी बायकोला म्हणालो, सोडतो हे विमान. ती म्हणाली, सोडा, पण आधी त्यांना एकदा भेटून या. मला धीर झाला नाही.

आणि एका रविवारी, आम्ही धुण्यात गुंतलो असताना, एक बाई सायकल हातात धरून आत आल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या. त्या मास्तरांच्या बायको. त्यांना आम्ही न बघताच काकू म्हणत असू, कारण त्या कधी क्लबात आल्या नव्हत्या. त्यांनी सायकल पंपाला टेकवली आणि विचारलं, "तुमच्यातले बसवाले कोण?" सगळे इतक्या तत्परतेने बाजूला झाले की चाकापाशी उकिडवा बसलेला मी एकटाच उरलो. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी ओलं फडकं हातात घेऊन उभा राहिलो.

त्यांचा आवाज बारीक होता, रेडिओच्या बाईंपेक्षाही बारीक. म्हणाल्या, "ह्यांचं विमान गेलं, ते मला दिसतं. रोज सकाळी अंगणात उभे राहून वर बघतात. पण मी दुसरंच सांगायला आलेय. सहा-सात वर्षं झाली, मी काही सांगायला लागले की हे पेपर उलटायचे नाहीतर उठून जायचे. मला वाटलं, माझा कंटाळा आलाय. मग मीही बोलणं सोडलं. आधी गमती सोडल्या, मग तक्रारी. शेवटी शेवटी मी जेवायलासुद्धा हातानेच बोलवायचे."

पाइपमधून पाणी तसंच वाहत होतं.

"परवा मी भांडी लावत होते. हे बाहेरच्या खोलीतून येऊन दारात उभे राहिले. विचारतात, हे गुणगुणणं रोज असतं? मी म्हटलं, लग्नाच्या आधीपासून आहे. तर तिथेच स्टुलावर बसले आणि रडायला लागले. मग आम्ही बोलत बसलो. दुपारचे तीन वाजले, स्वयंपाक राहिला." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि माझ्यावर डोळे वटारले. "तुम्ही सांगितलंत म्हणून हे झालं. पण आठ महिने गप्प का बसलात? मला आठ महिने जास्त मिळाले असते."

मला रडू आवरेना. एवढ्या वर्षांत प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या, पण इतकी गोड शिवी कुणी दिली नव्हती. डॉक्टरांनी येऊन माझ्या खांद्यावर साबणाचा हात ठेवला.

काकू म्हणाल्या, हे आलेत, फाटकापाशी उभे आहेत, आत यायला संकोचताहेत. कुणीतरी हाक मारा. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. "तुम्ही नका. बारीक आवाजाचं कुणी आहे का?"

भूगोलाच्या बाई पुढे झाल्या. जवळजवळ दोन वर्षं त्या ओरडत होत्या. सवयीने त्यांनी छातीत श्वास भरून घेतला, आणि मग तो सोडून दिला. फाटकापाशी मास्तर आमच्याकडे पाठ करून उभे होते. बाई आपल्या साध्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, या ना."

मास्तर वळले.