घरचं एकुलतं एक मत

आमच्या अल्फारेटातल्या घरात मत होतं एकच, आणि तेही नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या आमच्या लेकीचं. ती इथे अमेरिकेत जन्मली म्हणून नागरिक. तिचे बाबा आणि मी अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत. इतकी वर्षं टॅक्स भरतोय, पण राष्ट्राध्यक्ष कोण असावा हे आम्हाला कोण विचारतंय? म्हणून तिच्या मताला आम्ही सरळ घरचं मत म्हणायला लागलो. गणपतीच्या आरतीनंतर शेजारच्या काकूंनी विषय काढला, तेव्हाही मी ठोकून दिलं की आमचं मत ठरलंय.

ठरवलं होतं मी. दोन मोठ्या पक्षांपैकी एकाचा उमेदवार आला तर व्हिसावाल्यांचं जरा सोपं होईल, असं सगळे म्हणत होते. दुसरा आला तर नवऱ्याचा व्हिसा रिन्यू होईल की गाशा गुंडाळावा लागेल, या विचाराने माझी झोप उडाली होती. त्यात आमच्या राज्यात निकाल थोडक्या मतांनी इकडचा तिकडे होतो.

लेकीचं मन मात्र पर्यावरणवाल्यांच्या छोट्या पक्षावर बसलेलं. जेवताना ती आम्हाला कार्बन टॅक्स समजावायची. जो धूर सोडेल त्याने त्याची किंमत मोजायची, आणि जमलेले पैसे घरोघर वाटून टाकायचे. मतं जातील म्हणून मोठे पक्ष याचं नावसुद्धा काढत नाहीत, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, कल्पना बरी आहे, पण पेट्रोल महाग झालं की लोक आधी शिव्या घालतील. माझं तर डोकंच फिरलं. तो पक्ष स्वतः येत नाही, नुसती आपली मतं खातो आणि समोरच्याला जिंकवतो, हे मी तिला पोळ्या लाटताना ऐकवलं, गाडी चालवताना ऐकवलं, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकवलं. ती इंग्रजीत भांडायची, मी मराठीत. शेवटी शेवटी ती गप्पच बसायला लागली. मला वाटलं, पटलं बाईसाहेबांना.

मतदानाच्या सकाळी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली, प्रत्येक परीक्षेला ठेवते तशी. घरचं मत आहे, नीट दे, म्हटलं. एरवी ती यावरून माझी खेचते. त्या दिवशी मुकाट्याने खाल्ली.

केंद्र लायब्ररीत होतं. ती आत गेली आणि मी पार्किंगमध्ये गाडी सुरू ठेवून बसले. उभी गाडी सुरू ठेवली की ती नेहमी चिडते, पण मला कुठलं भान! मी आपली मनातल्या मनात देवाला हात जोडत होते.

ती शर्टावर ‘मी मत दिलं’चं स्टिकर लावून आली. दार ओढून शेजारी बसली. मला राहवेना, विचारलंच. तिने माझ्या उमेदवाराचं नाव सांगितलं. बाई गं, काय हायसं वाटलं! मी तिच्या गालाला हात लावायला गेले, तर तिचे डोळे भरलेले.

“बाबांच्या व्हिसासाठी दिलं, आई,” ती म्हणाली. “पण हे तुझं मत होतं. माझं पहिलं मत द्यायचं राहूनच गेलं.”

मी गाडी बंद केली.