सी लायनवाली

१८ जानेवारी. अजमानच्या आमच्या गोदामातली कोल्ड रूम रिकामी करून धुवायची होती. वर्षातून एकदा हे करावंच लागतं. माशांचे बॉक्स बाहेर यायला लागले आणि तिची आठवण झाली. नमुन्याचा वितळवलेला मासा ती अशीच उजेडात धरायची. त्याचे डोळे बघायची, अंगठ्याने पोट दाबायची. पोट फुटकं निघालं की मासा परत ठेवायची. "काकू, हा बॉक्स खलास. माझी माणसं हे खाणार नाहीत."

तिची माणसं म्हणजे सी लायन, सीलसारखे समुद्रातले प्राणी. दुबईतल्या एका सागरी उद्यानात ती त्यांना सांभाळायची. आम्ही गोठवलेली मासळी विकतो, हॉटेलांना, कॅटररना आणि तिच्या माणसांना. हॉटेलवाले माशाच्या डोळ्यांत कधी बघत नाहीत.

पहिल्या भेटीत ती मला आंटी म्हणाली. मी सांगितलं, आंटी मला बँकेतले लोक म्हणतात, तू काकू म्हण. जन्म शारजाचा, शाळा इथलीच, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्यात इंग्रजीकडे वळायचं. पस्तिशीची, उंच, केस कायम ओले. अंगाला बांगड्याचा वास पक्का मुरलेला. अल बर्शाला मेट्रोने घरी जायची. लोक बाजूला सरकत नाहीत का, असं मी एकदा विचारलं. "सरकतात ना. मला सीट मिळते."

एकदा आमच्या कापणाऱ्याने तिचा सगळा माल साफ करून पाठवला. माणूस मालवणचा. मराठी मुलीची ऑर्डर, तेव्हा घरच्यासारखं करावं असं त्याच्या मनात आलं. डोकी उडवली, पोटं साफ केली, खवले काढले. अशी मासळी आपल्यापैकी कुणाला मिळाली तर आपण त्याला दुवा देऊ. पण सी लायन मासा सबंध गिळतो, आणि त्याची व्हिटॅमिनची गोळी ती माशाच्या कल्ल्यात सरकवून द्यायची. डोकंच नाही तर कल्ला कुठून आणणार? तिचा फोन आला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ती शांतपणे म्हणाली, "काकू, फक्त मसाला लावायचा राहिलाय." तो माल परत आला आणि गोदामातल्या सगळ्यांच्या डब्यांत गेला.

उद्यानातले सी लायन नेहमीच्या जातीचे, जगात भरपूर असलेले. तिचं लक्ष मात्र दुसऱ्याच जातीवर होतं. न्यूझीलंडच्या दक्षिणेला थंड बेटांवर राहणारे, फार थोडे उरलेले. कधी जाळ्यात सापडतात, कधी साथ येते. चहा पिताना ती त्यांच्याबद्दल बोलायची, जसं आपण गावाकडच्या भावकीबद्दल बोलतो. तिथली आई पिल्लाला किनाऱ्यावर ठेवत नाही, झाडीत आत नेऊन लपवते. पण त्या झाडीत चिखलाचे खोल खड्डे असतात. पिल्लू आत पडलं की त्याला कडेने चढता येत नाही, आणि आई वरून हाका मारत राहते. म्हणून लोक खड्ड्यात तिरकी फळी लावतात, पिल्लाला वर यायला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण कुणीतरी जाऊन लावायला लागते ना."

गेल्या वर्षी तिला तिथे काम मिळालं. खरा पेच तेव्हा सुरू झाला. तिचे बाबा कॉन्ट्रॅक्टर, आमच्या गोदामाची दुरुस्ती त्यांच्याकडेच असते. तिची आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. ते तिला घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी तिची समजूत घालावी अशी त्यांची अपेक्षा होती. इथे जन्मलेल्या माणसालाही व्हिसावर राहावं लागतं आणि तिचा व्हिसा होता नोकरीवर, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"नोकरी सोडलीस की परत कशी येणार?" त्यांनी विचारलं.

"व्हिजिटवर येईन, बाबा."

"स्वतःच्या घरी? व्हिजिटवर?"

मी कुणाचीच समजूत घातली नाही, चहा मागवला. पस्तिशीच्या बाईला काय समजावणार, आणि त्यांचंही चुकत नव्हतं.

नोव्हेंबरात ती गेली. बाबा विमानतळावर गेले नाहीत आणि नंतर तिचे फोनही घेईनात. तिच्या जागी आलेला माणूस बॉक्स न उघडताच सही करतो. माझं काम सोपं झालंय. तरी नमुन्याचा मासा वितळवून ठेवायला मी अजून सांगते.

तर, १८ जानेवारीला रिकाम्या कोल्ड रूमची फरशी बघायला तिचे बाबा आले होते. तेवढ्यात तिने पाठवलेला व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आला. बघणार का, असं मी विचारलं नाही. मोबाइल सरळ त्यांच्यापुढे धरला. पाऊस, काळा चिखल, खड्ड्यात एक नवी फळी. एक पिल्लू अर्ध्यापर्यंत चढायचं आणि घसरून खाली जायचं. कॅमेऱ्यामागून तिचा आवाज येत होता, "यल्ला, यल्ला, चढ."

त्यांनी तो पुन्हा लावला.

"फळी गुळगुळीत आहे. आडव्या पट्ट्या कुठायत? आमची माणसं घमेली घेऊन चढतात, त्यांच्या फळीला पट्ट्या असतात. ही कुणी लावली?"

"तुमच्या मुलीने."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "तुम्ही कळवा तिला."

"मी मासे विकते. सुतारकाम मला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीचं काम ठरवायला मी त्यांच्या यार्डात गेले. सुतारकामाच्या घोडीवर एक लांब फळी ठेवलेली होती, तिला पट्ट्या ठोकून झालेल्या. फोटो काढून पाठवा, म्हणाले. आपली सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ, त्या वेळी कॅम्पवर नेट असतं. मी फोटो काढला नाही. फोन स्पीकरवर लावला आणि त्यांच्या हातात दिला.

"काकू?" तिचा आवाज आला.

ते फळीवर वाकले. "पट्ट्यांत अंतर वीतभर ठेव. जास्त नको. पिल्लाचा पंजा केवढा असतो?"

मग ती सांगायला लागली, आणि त्यांनी खिशातली टेप काढून फळीवर धरली. बाहेर माझा ट्रक खोळंबला होता. फोन त्यांच्याकडेच ठेवून मी निघाले.