सात किलोची बॅग आणि खिडकीतली जागा

पाठीवर एकच बॅग घेऊन शहरं पायी पालथी घालावीत, ही अवदसा मला मोबाइलवरून सुचली. एक दाढीवाला परदेशी पोरगा रोज संध्याकाळी, मी भाजी निवडत असताना, आपली बॅग उघडून दाखवायचा. दोन शर्ट, एक पँट, तीन जोड मोजे, आणि एवढ्यावर म्हणे तो चार महिने फिरला. अंगाला वास किती येत होता ते तो सांगत नव्हता. पण विमानात सोबत नेता येईल एवढीच, सात किलोची, बॅग घ्यायची, ती कुणाच्या हातात द्यायची नाही आणि उतरलं की सरळ चालायला लागायचं, हे ऐकून मी निवडायची भाजी बाजूला सारली. मी कोलकात्याचं तिकीट काढलं. चार दिवस, एकटीनं.

हा 'एकटीनं' शब्द आमच्याकडे कुणी एका फटक्यात गिळत नाही. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पोरांना भारताचा नकाशा काढायला लावते, पण स्वतः एकटी गेले ती फक्त ट्रेनिंगला बुलढाण्याला, आणि तेही नवऱ्यानं गाडीत बसवून दिल्यावर. आमचं जळगाव म्हणजे जामोदचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. बाहेर नुसतं जळगाव म्हटलं की लोक केळ्यांचा भाव विचारतात. ह्या वेळी जमलं नाही तर मी पुन्हा ह्या वाटेला जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्यालाही ते ठाऊक असावं, कारण तो रोज सकाळी चहाबरोबर एक नवी शंका काढायचा.

"सात किलोत तं तुही लोणच्याची बरणीच बसन."

"लोणचं नेत नाही मी."

"मंग खाशीन काय तठी?"

जणू कोलकात्याचे लोक उपाशीच असतात.

बॅग घ्यायला मी खामगावला गेले. दुकानदारानं आधी शाळेची दप्तरं काढली, मग लग्नात देतात तसल्या चाकांच्या पेट्या. पाठीवरची हवी म्हटल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, चाकं हायेत तं पाठीवर काऊन वागवता?" मी त्याला जिने, फुटपाथ, मोकळे हात वगैरे सगळं त्या दाढीवाल्याच्या थाटात समजावलं. मग पर्समधून शिवणाची टेप काढून एकेक बॅग मोजायला लागले. तेव्हापासून तो मला जरा घाबरून वागला.

पहिल्या बॅगेला चौदा कप्पे होते. जिला घरात कपाटाची चावी सापडत नाही तिनं चौदा कप्प्यांच्या नादी लागू नये. दुसरी फक्त वरून उघडायची, म्हणजे तळाचा परकर हवा असेल तर भर रस्त्यात सगळा संसार उपसा. तिसरी कपाटासारखी सबंध उघडत होती, पाठीला गादी होती आणि छातीवरून लावायचा एक पट्टा होता. तो पट्टा कसा लावायचा हे दाखवताना दुकानदाराची पंचाईत झाली. शेवटी त्यानं बॅग स्वतःच्याच पाठीवर चढवली आणि पट्टा आवळून, गल्ल्याकडे बघत, "असं," एवढंच म्हणाला.

पण रिकामी बॅग कुणालाही हलकीच वाटते. मी शेजारच्या किराणा दुकानातून सहा किलो तुरीची डाळ त्या बॅगेत भरून घेतली, कारण बॅगच एक किलोची होती. मग ती पाठीवर टाकून बाजारात एक चक्कर मारली. तिघांनी वाटेत बॅगेत काय म्हणून विचारलं, आणि मग डाळीचा भाव. एका बाईनं तर मला थांबवून चेन उघडली, डाळ तळहातावर घेऊन पाहिली आणि "बारीक हाय," म्हणून निघून गेली. खांद्याला काही रग लागली नाही, म्हणून बॅग पसंत केली. किराणावाला मात्र डाळ परत घेईना. "मॅडम, गाव फिरून आलेली डाळ मी घेत नसतो," म्हणाला. ती आम्ही दोन महिने खाल्ली, आणि दर वरणाला नवऱ्यानं मला खामगावची आठवण करून दिली.

निघायच्या दिवशी तोच मला मोटरसायकलवर स्टँडवर घेऊन आला. नांदुऱ्यापर्यंत एसटी, तिथून रेल्वेनं नागपूर, मग विमान. बाजाराचा दिवस होता, पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला लागेल ते आत टाकून जागा धरतात. एकदा रुमाल पडला की ती जागा त्याची, मग भलेभले उभ्यानं जातात. आमच्या घरात ह्या कामाची वाटणी ठरलेली होती. खिडकीतून टाकायचं मी, आणि कोपरं मारत दारातून चढायचं त्यानं.

गाडी आली. मी धावले, आणि पंधरा दिवस आरशासमोर घालून मिरवलेली, कुणाच्या हातात द्यायची नाही अशी ती बॅग पाठीवरून काढून खिडकीतून आत फेकली. डोक्याला विचारायच्या आधीच हातानं करून टाकलं. नेम अगदी बरोबर लागला.

गाडी थांबलीच नाही. फलाटाला वळसा घालून ती फाटकाबाहेर पडली. "डिझल भराले चालली ते," शेजारची बाई शांतपणे म्हणाली. पैसे, आधार कार्ड, कपडे, सगळं त्यात. माझ्या हातात फक्त मोबाइल.

नवरा आधी पोट धरून हसला. "घे, तुह्याआधी तुही बॅगच निंघाली." मग माझा चेहरा पाहून मोटरसायकलची चावी काढत म्हणाला, "तू अठीच थांब. मी घेऊन येतो."

दवाखान्यात, बँकेत, तिकिटाच्या खिडकीशी, सव्वीस वर्षं मी अठीच थांबत आले होते. त्याचा त्यात काही दुष्टपणा नव्हता, आणि म्हणूनच मला तेव्हा इतका राग आला. "तुम्ही थांबा," मी म्हटलं, आणि पदर खोचून डेपोकडे चालायला लागले. गुडघे कुरकुरत होते. त्यांचंही ऐकलं नाही.

डेपोत गाडी पंपापाशी उभी होती. ड्रायव्हर खाली, कंडक्टर चहाला. आत चढले तर अख्ख्या रिकाम्या गाडीत एक म्हातारबा खिडकीला टेकून बसलेले, आणि त्यांच्या पुढच्या बाकावर माझी बॅग. ते मागच्या गावाहून ह्याच गाडीनं आले होते आणि त्यांना नांदुऱ्याला जायचं होतं, पण बाकीचे स्टँडच्या फाटकाशी उतरले तरी हे उतरले नाहीत, डेपोतही उतरले नाहीत.

"उठलो असतो तं जागा गेली असती," ते म्हणाले. मग माझ्या बॅगेकडे हनुवटी दाखवून, "हे जागा बी सांभाळली तुही. कोणाले बसू देल्लं नाही."

तिथं बसायला कुणीच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि खिडकीशी बसले.

गाडी परत फलाटाला लागली तेव्हा खालून रुमालांचा पाऊस पडत होता आणि आम्ही दोघं जहागीरदारासारखे बसून होतो. नवरा गर्दीतून वाट काढत माझ्या खिडकीखाली आला. बॅग मांडीवर दिसल्यावर त्यानं मान हलवली, पाण्याची बाटली खिडकीतून आत दिली आणि खिडकीची कड धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं आता शेवटची शंका येणार. नागपूरला उतरता येईल का, विमानात भीती वाटली तर काय. सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

"मले काऊन नाही विचारलं वं," तो म्हणाला, "येता काय म्हणून?"

एवढे दिवस तो माझी परीक्षा घेतोय असं मी समजत होते. तो वाट बघत होता. बेल वाजली, गाडी हलली, तो दोन पावलं खिडकीबरोबर चालला आणि मग गर्दीनं त्याला मागं ढकललं. मला वाईट वाटलं. पण मी उतरले नाही.