खुंट्या ठोकणारा साहेब

हसायचं नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. बरं, हसा. पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आलेला आणि त्यांचं पांढरंशुभ्र धोतर कामातून गेलेलं. आता काय सांगू तुम्हाला, माणसाने आयुष्यात एकदाच जिद्द धरावी, आणि तीही नेमकी दुसऱ्याच्या शेतात!

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झालेली. मी डोंबिवलीला राहायचो, ठाण्याला एका कंपनीत कारकुनी करायचो, आणि मी मोटरसायकल घेतलेली. होय, मी! लढाई संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघायचा, त्यात मिळाली. रंग खाकी, आवाज तोफेसारखा. गोरे निघून गेले, ही तेवढी मागे राहिली. सोबत एक तंबू मिळाला, तोही खाकी. लिलावातच एक साहेबी सोला हॅट मिळाली, तीही घेतली. खाकी अर्धी चड्डी मात्र माझी स्वतःची होती.

ही गाडी आमच्या दादाच्या डोळ्यांत सलायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून घरात त्याचा शब्द शेवटचा.

"वसंता, तुला ही गाडी झेपायची नाही. विकून टाक."

"झेपते दादा!"

"काय झेपते? परवा त्या भैय्याच्या म्हशीला धडकलास."

"म्हैस आडवी आली!"

"म्हैस गोठ्यात होती, वसंता."

पण मीही त्याचाच भाऊ. म्हटलं, मी या गाडीवरून एकटा सफरीला जाऊन दाखवतो, तंबूत राहून दाखवतो. दादा म्हणाला, ठीक आहे. एक रात्र एकट्याने बाहेर काढायची. स्वतः शिजवून खायचं. आणि गाडीवर बसून परत यायचं, गाडी ढकलत नाही. कुणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर गाडी राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायचं.

दाराआडून आमच्या मंडळींनी, म्हणजे मालतीने, हळूच विचारलं, "अहो, पण भात कसा करतात ठाऊक आहे का?"

"त्यात काय? तांदूळ, पाणी, जाळ."

"आणि मीठ?"

"मीठही घालतो!" मी ताडकन म्हणालो. बायकोसमोर तरी कुठेकुठे माघार घ्यायची?

दिवाळी होऊन गेलेली. सकाळी सामान बांधून निघालो तर खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी हटकलं. "कुठे स्वारी?"

"कॅम्पला!"

"अगं बाई, मग येताना सिंधी पापड आणा हो."

आमच्याकडे तेव्हा कॅम्प म्हणजे कल्याण कॅम्प. फाळणीनंतर आलेले सिंधी लोक तिथल्या लष्करी बराकींत राहायचे. मी म्हटलं, "काकू, तो कॅम्प नाही. मी आज तंबूत राहणार आहे."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "घरातून बाहेर काढलं का हो?"

मी हॅट डोक्यावर दाबली. किक मारली आणि निघालो.

मानपाडा ओलांडलं की तेव्हा नुसती भातशेतं. समोर मलंगगडाचे डोंगर, रस्ता कसला, बैलगाडीची चाकोरी. धूळ खात, बैल बुजवत, गाडीवाल्यांच्या शिव्या खात मी पुढे गेलो आणि एक शेत दिसलं. भात कापून मोकळं झालेलं, बांधावर आंबा, शेजारी विहीर. अशी जागा सोडून कोण पुढे जाईल?

गाडी आंब्याखाली लावली आणि कामाला लागलो. तंबू बसतो का ते बघायला आधी पावलं टाकून जागा मोजली. लांबी मोजली, रुंदी मोजली. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना दोऱ्या ताणल्या. एक डोळा मिटून दोरी सरळ आहे का तेही पाहिलं. डोक्यावर हॅट, खाकी चड्डी, बाजूला लष्करी गाडी. तुम्हाला आलं लक्षात? मला नव्हतं आलं.

"काय चाललंय सायेब?"

मागे वळलो. काष्टा घातलेली, पन्नाशीची एक बाई. हातात विळा. हिराबाय तिचं नाव, आणि शेत तिचंच.

"काही नाही मावशी, कॅम्प टाकतोय."

बाईचा चेहरा उतरला. "कॅम्प? हितं?"

"हो. जागा छान आहे. बघताक्षणी पसंत केली."

"कोनला इचारून?"

"मला कुणाला विचारायची गरज नाही," मी छाती काढून म्हणालो. माझ्या डोक्यात दादा! "आज मी एकटाच आलोय. पण इथे जमलं ना, तर पुढच्या खेपेला सगळ्यांना घेऊन येणार."

हिराबायने गावाकडे तोंड करून अशी हाक मारली की झाडावरचे कावळे उडाले. "काशिनाथाऽऽ! धाव रंऽऽ! कॅम्पवाला आलाऽऽ!"

बघता बघता अख्खा गाव बांधावर. काठ्या घेऊन, कोयते घेऊन, कडेवर पोरं घेऊन. पुढे काशिनाथ. हा हिराबायचा पुतण्या, रेल्वेच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे गावात इंग्रजीचा जाणकार.

"सायेब, खरा सांगा," तो म्हणाला, "कनाला आलाव?"

"अहो मजेसाठी! फक्त मजेसाठी!"

गर्दीत एक म्हातारा होता, कानाने थोडा अधू. त्याने काठी वर केली. "आयकला का? सोताच्या तोंडान बोलला! मोजनीसाठी!"

"मोजणी नाही हो आजोबा, मजा! हौस! मला हौस आहे!"

काशिनाथ गंभीर झाला. लोकांकडे वळून त्याने समजावून सांगितलं, "हाऊस. इंग्रजीत हाऊस म्हंजे घर. हितं घरा बांदनार."

"नाही हो! मी नुसता बघायला आलोय!"

"म्हंजे पाहनी!" म्हातारा.

सांगा, यापुढे कुठला शब्द वापरायचा? मराठीतले शब्द संपले माझे.

मग हिराबाय बोलली. ओरडून नाही, सावकाश. "लढाईच्या वक्ताला बी मिल्ट्रीचा पयला येकच तंबू आलेला. दोन दिस राहू बोलला. आमी पानी दिला, दूध दिला. मंग खुंट्या आल्या. मंग तार आली. माज्या बापाची जमीन त्या तारंच्या आत गेली, ती आजून आतच हाय."

खरं सांगतो, माझी हॅट आपोआप हातात आली. मी इथे एका गाडीसाठी जिवाचं रान करतोय आणि या बाईला वाटतंय, आपलं उरलेलं शेतही चाललं. मला फार लाज वाटली.

शहाण्या माणसाने तिथेच तंबू गुंडाळला असता. पण तंबू गुंडाळला की घर, घर म्हणजे दादा, दादा म्हणजे गाडी गेली. मीही हट्टाला पेटलेलो.

"मावशी, उद्या सकाळी या खुंट्या मी माझ्या हाताने उपटून नेणार. शपथेवर सांगतो."

"बरा," हिराबाय म्हणाली. "मंग मी बी सकालपर्यंत हितंच बसनार. बगतंय कशा उपटतंस त्या."

आणि तंबूच्या दारात तिने बसकण मारली, विळा मांडीवर. ती बसली म्हणून काशिनाथ बसला. काशिनाथ बसला म्हणून गाव बसला. अशी माझी एकट्याची सफर सुरू झाली.

ऊन उतरलं तशी मी चूल मांडली. तीन दगड, वर टोप, खाली लाकडं. लाकडं ओली. काडी विझली. दुसरी विझली. फुंकर मारली तर राख माझ्याच डोळ्यांत. अख्खा गाव टक लावून बघतोय. अर्धी काडेपेटी संपल्यावर एकदाचा जाळ लागला, तो असा की टोपाची कडी धरवेना. शेवटी भात झाला. खाली करपलेला, वर कच्चा, मध्ये पेज. आणि मीठ राहिलंच.

काशिनाथने टोपात डोकावून पाहिलं. "काकी, यो सायेब नसंल. सायेबाला भात नाय येत, पन सायेबासंगती शिपाई असतो."

"यो शिपाई बी नसंल," म्हातारा म्हणाला. त्याला हे बरोब्बर ऐकू आलेलं! "शिपायाला भात येतो."

माझा निर्दोषपणा असा सिद्ध झाला. वकील लावून झाला नसता. बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या, कोयते खाली गेले. हिराबायने घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं कालवण मागवलं, पानावर वाढून माझ्यापुढे सरकवलं.

मी हात जोडले. "नको मावशी. मला कुणाचं घ्यायचं नाही."

तिने हात मागे घेतला.

"आमच्या हातचा चालत नाय व्हय?" हिराबायने विचारलं.

माझ्या मनात दादाची अट, आणि या बाईच्या मनात भलतंच. असं एखाद्याने कधी ना कधी तिला तोंडावर म्हटलं असणार, त्याशिवाय इतक्या चटकन ओठावर येत नाही. अटीचं काय व्हायचं ते होवो! मी पान ओढून घेतलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. आणि कालवण तर काय सांगू, मालतीच्या कानावर जाणार नसेल तर सांगतो, तसं पुन्हा मिळालं नाही.

रात्री तंबूत आडवा झालो. बाहेर गाव जागरणाला बसल्यासारखा गप्पा मारत होता. मला गाढ झोप लागली.

सकाळी उठून खुंट्या उपटल्या. प्रत्येक खुंटी निघाली की हिराबाय मागून येऊन टाचेने ते भोक बुजवायची. सामान बांधलं. किक मारली. गाडी ढिम्म! दव पडून गारठलेली. मारतोय किक, मारतोय, पाय भरून आला.

"ढकला रं!" म्हातारा ओरडला. "जाऊ दे येकदाचा!"

"थांबा! ढकलायची नाही! मला मदत नको!" पण ऐकतो कोण? ज्याच्या हाताला जागा मिळाली त्याने हात लावला.

"थांबा!" हिराबायने मात्र सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, आली बाई मदतीला. ती आली आणि सरळ माझ्या मागे सीटवर बसली. "मी बी जातंय. याचा घर बगतंय. मागल्या वक्ताचा बी असाच भोला दिसत व्हता."

माझी लग्नाची बायको लाजेने या गाडीवर कधी बसली नव्हती. आणि आज मागे हिराबाय, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात विळा. गावाने जोर लावला, गाडी धडाडली, निघालो.

मानपाड्यापर्यंत ती डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होती. मानपाड्याला एक डोळा उघडला. पुढे एक बैलगाडी दिसली तशी माझ्या खांद्यावर थाप पडली. "हान! टाक त्याला मागं!"

आमच्या बिल्डिंगपाशी पोचलो तेव्हा सगळी बिऱ्हाडं गॅलरीत. जोशीकाकू म्हणाल्या, "अगं बाई, पापड आणायला गेले आणि हे काय आणलं!" दादा दारात तांब्या घेऊन उभा.

हिराबाय उतरली. लुगडं सारखं केलं. "यो तुमचा मानूस?"

दादाने मला खालून वर न्याहाळलं. जरा जास्तच वेळ घेतला. "आमचाच."

"सरकारी नाय?"

"सरकार याला घेणार नाही हो."

हिराबायचा जीव भांड्यात पडला. तिने विळा कमरेला खोवला आणि काल दुपारपासून पहिल्यांदा हसली. तिचं शेत वाचलं. आता राहिली माझी गाडी.

"वसंता," दादा म्हणाला, "रात्र एकट्याने काढलीस?"

मी तोंड उघडायच्या आत हिराबाय म्हणाली, "येकटा कनचा? सारा गाव राखत बसलेला. यो घोरत व्हता."

"शिजवून खाल्लंस?"

"शिजवला त्याचा त्यान. खाल्ला आमचा."

"आणि गाडी?"

"गाडी आमी ढकलली."

खोटं बोलायला तिने जागाच ठेवली नाही. मी मान खाली घातली. मालती दारात पदराचं टोक पिळत उभी. दादाने तांब्या या हातातून त्या हातात घेतला आणि निकाल दिला, "संपलं तर मग. उद्याच गाडी विकायची."

हिराबाय गाडीभोवती एक फेरी मारून आली. सीटवर हात फिरवला. मग दादाकडे वळली.

"गाडी कनाला इकता? गाडी बेस हाय. गाडी ठेवा, इकायचाच असंल तं याला इका."

अख्खी बिल्डिंग हसली. मालती हसली. आणि आमचा दादा, ज्याला मी वडील गेल्यापासून कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, तो तांब्यातलं पाणी पायावर सांडेपर्यंत हसला. डोळे पुसत म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. तसंच करू."

गाडी राहिली. मला मात्र अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही.