दशरथने ठेवलेली जागा

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात मी कांदे निवडत होतो. गोविंदा समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, दशरथ गेला." मी विचारलं, "कुठं गेला?" त्याचा दमा रोज पाहत होतो, तरी असा मूर्खासारखा प्रश्न तोंडातून निघाला. गोविंदानं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. कांदे तिथंच टाकून आम्ही गावाकडे निघालो... त्याला आता दीड महिना झाला.

दशरथ आमच्या गावचा शाहीर. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत खडी गंमत लागतेच. सगळे उभ्यानं गातात, म्हणून खडी. शाहीर डफावर ओळ म्हणतो, मागचे झीलकरी ओळीचा शेवट उचलून वर ओढतात, मग शाहीर पुढची ओळ घेतो. गोविंदा, सदाशिव आणि मी दशरथचे झीलकरी. मास्तरानं गमतीत उभं राहावं हे आमच्या हेडमास्तरांना रुचत नसे. पण दशरथ सरळ शाळेच्या दारात येई, "गुरुजीले नेऊन राहिलो जी, पोट्टे तुम्ही सांभाळा." ओळ संपली की तो डफ खाली करी, मान डावीकडे वळवी आणि आमच्याकडे बघे. झील जमली तर मिशीत हसे. नाही जमली तर साऱ्या मंडईसमोर, "काऊन रे, जेवले नाही का?"

मग दमा आला. त्याच्यामागे डफ धरणारं कोणी नव्हतं. गावच्या पोरांच्या तोंडी गोंदियाच्या टॉकीजमधली गाणी. दशरथ त्यांना बोलावून बोलावून थकला. "मी मेलो का गंमत बी मेली समजा," तो म्हणे आणि खोकत बसे. अशात एक दिवस सरकारी जीप आली. स्वराज्यात लोककला जपून ठेवायच्या, म्हणून एक साहेब आवाज भरून घेण्याचं मशीन घेऊन हिंडत होते. माणूस खरंच भला होता, आणि तेच आता मला खुपतं. शिव्या तरी कोणाला द्याव्यात?

दशरथ त्या दिवशी नवं धोतर नेसून आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, आता मी मेलो तरी ओळ राहील. तुम्ही फक्त झील द्याले या." त्याला एवढंच हवं होतं हो! आपला आवाज नागपुरात कोणी ऐकावा, असं तो एकदाही बोलला नाही.

मोहाच्या झाडाखाली मशीन मांडलं. साहेब म्हणाले, मागच्यांच्या ओरडण्यात शाहिरांचा आवाज बुडतो, त्यांनी एकट्यानंच गावं. दशरथनं आमच्याकडे पाहिलं आणि डफ उचलला. तळं आटून धानाचं शेत कोरडं पडल्याचं गाणं. "बोडीचं पाणी गेलं गं, बांधी राहिली कोरडी..." ओळ संपली. डफ खाली, मान डावीकडे. आम्ही तिघं तोंड मिटून उभे, मनातल्या मनात झील ओढत. ती पुरी झाली तेव्हाच त्यानं पुढची ओळ घेतली. साहेबांना वाटलं धाप लागली. ते मायेनं म्हणाले, "दमला असाल तर थांबू."

"दमलो नाही साहेब. थे जागा या तिघायची आहे. थे राऊ द्या."

"सगळं राहील," साहेब म्हणाले.

दशरथ गेल्यावर तीन आठवड्यांनी ते गाणं रेडिओवर लागलं. पंचायतीच्या रेडिओपुढे गाव जमलं. आम्ही तिघं उभे राहिलो. खुर्रर्र झालं, आणि दशरथचा आवाज आला. बाया रडू लागल्या. ओळ संपली, मी छातीत दम भरला... आणि पुढची ओळ सुरूही झाली! मग तिच्या पुढची. जागाच नव्हती. आजारी माणूस अडखळतो आहे असं समजून कोणीतरी मधलं सगळं कापून गाणं स्वच्छ केलं होतं. सदाशिवनं "कोरडी गं" उचललं आणि ते दुसऱ्याच ओळीवर जाऊन आपटलं. पोरं हसली. सदाशिव खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेऊन खाली बसला. माझ्या मनात आलं, तो डबा उचलून दगडावर घालावा. माणूस एकदा मेला होता, तो तिथं परत मेला.

आम्ही तसेच दशरथच्या घरी गेलो. भागरतावहिनी, दशरथची बायको, रेडिओ ऐकायला आल्या नव्हत्या. छपरीत बसल्या होत्या, मागे खुंटीला डफ.

"झील देल्ली ना भाऊ?"

गोविंदाला खोटं बोलता येत नाही. "जागाच नोहती वहिनी."

वहिनींनी मागं वळून डफाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग इथं द्या."

ओळ म्हणायची छाती आमच्यात कोणाचीच नव्हती. ती त्याची. आम्ही डफासमोर उभे राहिलो आणि नुसती झील ओढली, "कोरडी गं, कोरडी गं, जी जी..." मग थांबलो. त्याची पुढची ओळ होईल एवढा वेळ थांबलो, आणि परत झील दिली.