मिरजगाव: मामीच्या तोडलेल्या लिंबोणी

चार वर्षं मी मिरजगावला जायचं टाळत होतो. मामा फोनवर बोलवायचा, मी कामाचं निमित्त सांगायचो. गेल्या महिन्यात एका शनिवारी मात्र सकाळी सहालाच पुण्यातून गाडी काढली.

तुम्ही जाणार असाल तर असंच लवकर निघा, शिरूरपर्यंतची गर्दी टळते. नाश्ता नगरमध्ये उरकून घ्या. पुढे सोलापूर रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना उघडं माळरान आणि मधूनच ज्वारीचे पट्टे. रस्ता छान आहे. मी उगाच दोनदा चहाला थांबलो.

मामाची सात एकर जमीन. आधी त्यात ज्वारी, तूर, दहाबारा शेळ्या आणि विहिरीजवळ मामीच्या साठ लिंबोणी होत्या. दुष्काळात तिनं डोक्यावरून हंडे वाहून जगवलेल्या. मी शेतकी शिकलेला, खतांच्या कंपनीत नोकरीला. लिंबोणींसकट सगळं काढून सातही एकरांत डाळिंब लावायला मीच मामाला पटवलं. मामी तेव्हा एवढंच म्हणाली होती, "एक गेलं तर दुसरं हाताशी असावं." मी ते हसण्यावारी नेलं. तीन बहार सोन्यासारखे आले. चौथ्याला तेल्या रोग पडला, आणि पुढच्या वर्षी अख्खी बाग उपटावी लागली.

मामा अंगणात उभा होता. "आलास व्हय? लई दिवस लावलेस." शेताकडे जाताना मी कसंबसं बोललो, "मामा, माझ्यामुळं झालं."

"तुझ्या एकट्यामुळं न्हाई. लोभ मलाबी सुटला हुता," तो म्हणाला. "आता बघ, ज्वारी हाय, तूर हाय, थोडा शेवगा हाय. चार शेळ्या घेतल्यात. एखाद्याला रोग आला, भाव पडला, तरी समदं बसत न्हाई."

दुपारी मामीनं हुलग्याचे शेंगोळे वाढले. नगरकडे आलात तर ते चुकवू नका. जेवणानंतर ती विहिरीकडे गेली, मीही मागोमाग गेलो. तिथं गुडघाभर उंचीची लिंबाची नवी रोपं होती. ती एकेकाला पाणी देत होती.

"मामी, माफ कर मला."

तिनं पाइप दुसऱ्या आळ्यात सरकवला. "माफी कशाला आता? त्येवा ऐकून तरी घ्यायचं हुतंस." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"ही कधी धरतील?"

"चारपाच वर्सं तरी लागत्यात. आमी असलो तर खाऊ."

रविवारी संध्याकाळी मी पुण्यात परतलो. लोक विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मी सांगतो, एकाच रानात चार पिकं घेणारी शहाणी माणसं आहेत. ती आधीपासूनच शहाणी होती, हे मात्र सांगायचं राहून जातं. आता दर दोन महिन्यांनी जायचं ठरवलंय. मामी पासष्टीची आहे. माझ्या फेऱ्यांनी तिची झाडं लवकर मोठी होणार नाहीत, हे मला कळतं.