अर्धी बाही

कापडाला कात्री लावण्याआधी माप तीनदा मोठ्याने म्हणायचं आणि समोरच्याचं 'बरोबर' ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही, ही मास्तरांची जन्माची खोड. त्यावरून शिलाईच्या कारखान्यात त्यांचं नावच पडलं, पोपटमास्तर. मास्तर ते हसण्यावारी न्यायचे. "कापलेलं कापड वाढत नाही, बाबांनो. पोपट झालेलं परवडलं, गाढव झालेलं नाही." एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही थान वाया गेलं नव्हतं. याचा त्यांना थोडा ताठा होता, आणि का नसावा?

टेबलामागे एक काळा फळा असायचा. मापात काही बदल झाला की मालकीणबाई तिथे खडूने लिहायच्या. मग सगळ्यांच्या हातात फोन आले, कामाचे निरोप ग्रुपवर पडू लागले आणि फळा गेला जिन्याखाली. मास्तरांकडे आपला जुना, बटणांचा फोन. "मामांचं मी बघतो," भाचा म्हणाला. हा बहिणीचा मुलगा, आता चाळिशीला टेकलेला. त्याला कात्री धरायला मास्तरांनीच शिकवलं होतं आणि टेबलाची दुसरी बाजू तोच सांभाळायचा. घरच्याच माणसाने अंगावर घेतलंय म्हटल्यावर मास्तर निर्धास्त झाले.

त्या सोमवारी इस्पितळाचे दोनशे चाळीस पांढरे कोट कापायचे होते. कापडाचे थर पसरून झाले. मास्तरांनी कात्री उचलली. "अर्धी बाही. अर्धी बाही. अर्धी बाही. बरोबर?"

भाचा फोनमध्ये डोकं घालून होता. "हं, बरोबर," तो म्हणाला. मान काही वर केली नाही.

इस्पितळाने शनिवारीच पूर्ण बाही मागितली होती. खोलीतल्या बाकीच्या अकरा जणांना ते ठाऊक होतं. मास्तरांची पोपटपंची त्या अकराही जणांनी ऐकली आणि प्रत्येकाला वाटलं, पुन्हा काही बदललं असेल, भाचा शेजारीच तर उभा आहे. शहाण्यांनी तोंडाला कुलूप लावलं. संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीस कोट कोपरात थोटे झाले.

नव्या बाह्या लावाव्यात, तर दुसऱ्या थानाचा पांढरा रंग जुळेना. काम दुसऱ्याकडे गेलं. शिलाईच्या बायका आठवडाभर हातावर हात ठेवून बसल्या. मालकीणबाईंनी भाच्याला सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तरांना सांगितलं होतंस ना?"

भाच्याने एकदा मामाकडे पाहिलं. "सांगितलं होतं. वय झालंय, विसरले असतील."

दुसऱ्या दिवशी कात्री भाच्याकडे गेली आणि मास्तर धागे तोडायच्या टेबलावर.

तिथे बटणं लावणाऱ्या बाईंनी त्यांना आपला फोन दाखवला. शनिवारचा बदलाचा निरोप, त्याखाली भाच्याचं 'मामांना मी सांगतो', आणि त्याखाली अकरा अंगठे. "अंगठा टाकला की काम झाल्यासारखं वाटतं हो, मास्तर," बाई ओशाळून म्हणाल्या. "त्यात माझाही आहे." अकरा जणांनी मिळून आपल्याला अंगठा दाखवला, हे मास्तरांना कळलं. पण त्या अकरांचं जिव्हारी लागलं नाही. लागलं ते भाच्याच्या त्या एका ओळीचं.

रविवारी भाचा घरी आला आणि पायाशी बसला. "मामा, विसरलो हो सांगायचं. बाईंनी एकदम सगळ्यांसमोर विचारलं, तर घाबरलो. माफ करा."

"बाईंना सांगितलंस हे?"

"मामा, माझी नोकरी जाईल..."

"खोटं चारचौघांत बोललास आणि खरं माझ्या कानात सांगतोस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "विसरलास त्याचं काही नाही रे, माणूस विसरतो. पण माझं डोकं चालत नाही म्हणून सांगितलंस. माझ्याच समोर, आणि माझं टेबल घेतलंस!"

मामीने पाणी आणलं. ते न पिताच भाच्याने काढता पाय घेतला.

सोमवारी मास्तर मालकीणबाईंकडे गेले. टेबल मागितलं नाही, फळा मागितला. "निरोप आणणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, कापणाऱ्याने तो मोठ्याने वाचायचा, आणि दोघांनी पुढे नावं घालायची. मग ग्रुपवर हवे तेवढे अंगठे टाका." बाईंनी लगेच हो म्हटलं. त्यांचे दोनशे चाळीस कोट गेले होते.

फळा धुऊन पुन्हा टेबलामागे टांगला. पहिली ओळ मास्तरांनीच लिहिली, सगळ्यांदेखत: 'शनिवार. इस्पितळाचे कोट. अर्धी नको, पूर्ण बाही.' पुढे लिहिलं 'सांगणारा' आणि 'ऐकणारा'. दोन्हींखालची जागा रिकामी ठेवली. खडू भाच्यापुढे ठेवून ते आपल्या धाग्यांकडे परतले.

मशीनं थांबली. भाच्याने खडू उचलला. फळ्यापर्यंत गेला. मग खडू खाली ठेवला आणि शर्टाच्या बाहीने ती ओळ पुसून टाकली.

दिवसभर त्याच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी भुकटी होती. अकराही जणांनी ती पाहिली, आणि संध्याकाळी मालकीणबाईंनीही. मास्तर धागे तोडत राहिले. विसरणं त्यांनी केव्हाच माफ केलं होतं. ते पुसणं मात्र त्यांना कधीच माफ करता आलं नाही.